जेल पॉलिशनंतर नखांवर राहणारा चिकट थर: तो कसा काढावा आणि तो त्वचेला का लागू देऊ नये

जेल पॉलिशचा शेवटचा थर लावला, लॅम्पखाली हात धरले, वेळ संपल्याची बीपही वाजली. तरीही नखाला बोट लावले तर ते चिकट लागते. घरी पहिल्यांदाच जेल पॉलिश करणाऱ्या बहुतेक जणी इथे घाबरतात. काही जणी हात पुन्हा पुन्हा लॅम्पखाली धरतात, काही साबणाने खसाखसा धुतात, तर काही जणी तसेच सोडून स्वयंपाकाला लागतात.

बहुतेक वेळा तुमचे काहीही चुकलेले नसते. हा थर राहणारच असतो. लॅम्प बंद झाल्यावर साधारण १ मिनिट थांबून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या वाइपने प्रत्येक नख एकदा पुसले की तो निघतो आणि खालची चमक दिसते. कृती एवढीच आहे. मात्र डॉक्टर म्हणून मला यापुढचे सांगायचे आहे. तो थर अर्धवट न घट्ट झालेल्या रसायनांचा असतो, आणि तो बोटाच्या त्वचेवर वारंवार लागला तर आयुष्यभराची अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून तो काढण्यापेक्षा कसा काढता हे जास्त महत्त्वाचे आहे.

हा थर नेमका कशाचा असतो?

साधे नेलपॉलिश वाळते, म्हणजे त्यातले द्रावक उडून जाते आणि रंगाचा पापुद्रा उरतो. जेल पॉलिश वाळत नाही. त्यात अ‍ॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट या गटातले छोटे छोटे रेणू असतात. लॅम्पचा प्रकाश पडला की ते एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि कडक प्लॅस्टिक तयार होते. पार्लरमध्ये याला ‘क्युअर होणे’ म्हणतात.

ही साखळी तयार होत असताना हवेतला ऑक्सिजन मध्ये येतो. थराच्या आत ऑक्सिजन फारसा पोचत नाही, त्यामुळे तिथे काम नीट होते. पण अगदी वरच्या पातळ पापुद्र्याला हवा लागलेली असते, तिथे साखळी अर्धवट राहते. हाच तो चिकट थर. त्यामुळे लॅम्पखाली आणखी चार वेळा हात धरून तो जाणार नाही. नख उगाच गरम होईल एवढेच.

बेस कोट आणि रंगाच्या थरांमध्ये हा चिकटपणा उपयोगाचा असतो, कारण त्याला पुढचा थर चांगला धरतो. म्हणून मधल्या थरांवरचा चिकटपणा पुसायचा नाही. पुसायचे ते फक्त शेवटच्या टॉप कोटनंतर. बाटलीवर ‘नो वाइप’ लिहिलेला टॉप कोट असेल तर त्याची रचना वेगळी असते आणि नीट क्युअर झाल्यावर तो चिकट राहत नाही.

घरी कसा पुसावा

मेडिकलमध्ये ७० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते चालते. ‘जेल क्लीन्सर’ नावाने मिळणाऱ्या अनेक बाटल्यांमध्येही मुख्यतः तेच असते, वर सुगंध आणि जास्त किंमत. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर इंजेक्शनच्या आधी वापरायचे छोटे अल्कोहोल स्वॅब घरात असतातच. नखे पुसायला तेही चालतात, फक्त एका स्वॅबमध्ये दोन-तीन नखांपेक्षा जास्त उरकू नका.

लॅम्पमधून हात काढल्यावर लगेच पुसू नका. क्युअर होताना थर तापतो आणि गरम असताना पुसला तर चमक मंद पडते. एक मिनिट तसेच बसून राहा.

हातमोजे घालता आले तर पुसणाऱ्या हातात नायट्राइलचा मोजा घाला. दोन्ही हातांना जेल लावले असेल तर हे जमणार नाही. मग वाइप दोन बोटांच्या चिमटीत धरा, पण पुसलेली बाजू तुमच्या बोटांना लागणार नाही अशी घडी करा. नखाच्या मुळाकडून टोकाकडे, एकाच दिशेने, हलका दाब देऊन पुसा. शेवटी नखाच्या पुढच्या कडेवरून एकदा फिरवा, कारण तिथे थोडे जेल साचलेले असते. मागे-पुढे घासू नका. घासल्याने चिकट भाग नखाभोवतीच्या कातडीवर पसरतो, आणि नेमके तेच टाळायचे आहे.

दर दोन नखांनी वाइपची नवी बाजू घ्या. एकाच बोळ्याने दहाही नखे पुसली तर पहिल्या बोटाचा चिकटपणा तुम्ही दहाव्या बोटापर्यंत वाहून नेता.

साधा कापूस वापरला तर त्याचे तंतू नखावर चिकटतात. दुसरा पर्याय नसेल तर मेकअप काढायचे दाबून बसवलेले चपटे कॉटन पॅड त्यातल्या त्यात बरे.

पुसून झाल्यावर हात साबण-पाण्याने धुवा, आणि मग नखांच्या मुळाशी खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावा. अल्कोहोलने त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेतून रसायने सहज आत जातात. क्रम मात्र उलटा करू नका. चिकट थर तसाच असताना तेल लावले की सगळे मिसळून कातडीवर पसरते.

कशाने पुसू नये

अ‍ॅसिटोनचे नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. ते जेल काढण्यासाठी आहे, पुसण्यासाठी नाही. टॉप कोट निस्तेज होतो.

हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असले तरी हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात. एक चिकटपणा गेला तरी दुसरा उरतो. अगदी अडले तर एकदा चालेल, रोजचा उपाय म्हणून नको.

मेडिकलमधले सर्जिकल स्पिरिट चालू शकते, पण लेबल वाचा. हार्डवेअरच्या दुकानातले, फर्निचरच्या पॉलिशसाठी किंवा स्टोव्हसाठी मिळणारे स्पिरिट मात्र घेऊ नका. त्यात मिथेनॉल असू शकते. ते विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जाते.

साबण-पाण्याने हा थर नीट निघत नाही, उलट हातभर पसरतो. कोणी टूथपेस्ट सांगते, कोणी लिंबू. दोन्हींचा काही उपयोग नाही, आणि नखाजवळची कातडी फाटलेली असेल तर लिंबाने आग होईल ती वेगळी.

थर तसाच सोडला तर काय होईल, असाही प्रश्न येतो. धूळ, कपड्यांचे तंतू आणि केस चिकटतील. आपल्याकडे त्यात हळदीची भर. फिक्या रंगाचे जेल असेल आणि न पुसता भाजीला फोडणी दिलीत किंवा हाताने वरण-भात कालवलात, तर नखे पिवळी दिसू लागतात. शिवाय कणीक मळताना, जेवताना, बाळाला भरवताना ती रसायने इतरत्र लागतात. त्यामुळे पुसणे नंतरवर ढकलू नका.

पुसूनही चिकट राहते

टॉप कोट नीट पुसल्यावरही चिकट लागत असेल, नखाने दाबल्यावर खळगा पडत असेल, किंवा वाइपला नखाचा रंग लागत असेल, तर तो वरचा नेहमीचा थर नव्हे. जेल आतूनच कच्चे राहिले आहे. हे जास्त काळजीचे, कारण कच्चे जेल दिवसच्या दिवस नखावर बसून राहते.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जाड थर. प्रकाश वरूनच अडतो आणि खालचा भाग ओला राहतो. काळा, पांढरा, गडद लाल अशा दाट रंगांत हे जास्त होते, म्हणून ते नेहमीपेक्षा पातळ लावायचे असतात. दुसरे कारण अंगठा. चार बोटे सपाट ठेवली की अंगठा आपोआप आडवा होतो आणि त्याच्या नखावर प्रकाश तिरका पडतो. अंगठे वेगळे, सरळ धरून क्युअर करा. तिसरे कारण लॅम्प. जेल एका कंपनीचे आणि लॅम्प ऑनलाइन सर्वांत स्वस्त दिसला तो, अशी जोडी बऱ्याच घरांत असते. प्रत्येक जेल ठरावीक तरंगलांबीच्या आणि ताकदीच्या प्रकाशाला प्रतिसाद देते. खोक्यावर छापलेले वॅट हे वीज किती खर्च होते ते सांगतात, नखावर उपयोगी प्रकाश किती पडतो ते नाही. जुन्या ट्यूबवाल्या लॅम्पची ताकद वापराने कमी होत जाते, ट्यूब पेटलेली दिसत असली तरी. जेल आणि लॅम्प एकाच कंपनीचे घ्या आणि त्यांनी सांगितलेला वेळ पाळा, हा यातला सर्वांत साधा मार्ग.

वरवर थोडेच कच्चे वाटत असेल तर सांगितलेल्या वेळेइतके पुन्हा एकदा क्युअर करून पुसून पाहा. तरीही मऊच असेल तर ‘होईल उद्यापर्यंत घट्ट’ म्हणून सोडू नका. सगळे काढून टाका. ते आपोआप घट्ट होत नाही.

काढताना ओरबाडू नका. कच्चे जेल रबरासारखे सोलता येते आणि मोह होतो, पण त्याबरोबर नखाचा वरचा पदर निघतो. वरची चमक कानशीने हलकेच घालवा, नखाभोवती व्हॅसलीन लावा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइलने गुंडाळा, १० ते १५ मिनिटांनी सुटलेले जेल लाकडी काडीने हलकेच सरकवा. सुटले नाही तर आणखी पाच मिनिटे ठेवा, जोर लावू नका.

त्वचेला का लागू देऊ नये

या रेणूंपैकी सर्वांत चर्चेतला म्हणजे हायड्रॉक्सिइथिल मेथाक्रिलेट, ज्याला सगळे ‘हेमा’ म्हणतात. तो इतका लहान असतो की त्वचेतून आत शिरतो. साखळीत अडकला, म्हणजे नीट क्युअर झाला, की तो तिथेच राहतो आणि सहसा त्रास देत नाही. सुटा असेल तर देतो. आणि चिकट थरात तो सुटा असतो.

त्वचेत शिरलेल्या या रेणूला शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे पहिल्याच वेळी होत नाही. कोणाला काही आठवडे लागतात, कोणाला काही वर्षे. म्हणूनच ‘मी तीन वर्षे लावतेय, मला कधी काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. एकदा ही ओळख पटली की मग अगदी थोडे जेल लागले तरी एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. उशिरा होतो म्हणूनच लक्षात येत नाही. शनिवारी नखे केली आणि सोमवारी बोटे खाजू लागली, तर दोष रविवारच्या भांड्यांच्या साबणाला दिला जातो.

लक्षणे अशी दिसतात: नखाभोवती लाली, सूज, खाज, कधी पाण्याचे बारीक फोड. बोटांची टोके कोरडी, खरखरीत होऊन त्यांना भेगा पडतात, मीठ-मसाला लागला की झोंबतात. काहींचे नख खालच्या मांसापासून सुटू लागते आणि त्याखाली जाड पापुद्रा साचतो. काहींना बोटांच्या टोकांना मुंग्या किंवा बधिरपणा जाणवतो. आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. बोटे बरी असतात आणि पापण्या सुजतात, गालावर किंवा मानेवर पुरळ येते. पापणीची त्वचा फार पातळ असते आणि आपण दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यांना हात लावतो. पापण्या सुजून आलेल्या बाईला काजळ आणि क्रीमबद्दल सगळे विचारतात, नखांबद्दल क्वचितच कोणी विचारते. मी आता आधी हातांकडे बघतो.

सुटलेले, खाली जाड झालेले नख बुरशीसारखे दिसते. त्यामुळे महिनोन्महिने बुरशीची क्रीम आणि गोळ्या घेतलेल्या रुग्ण येतात. दर तीन आठवड्यांनी वर नवे जेल, आणि खाली औषध. दुसरी नेहमीची वाट म्हणजे मेडिकलमधून स्वतःच आणलेली मिश्र क्रीम, ज्यांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध तिन्ही असतात. स्टेरॉइडमुळे चार दिवस बरे वाटते, मूळ कारण तसेच राहते आणि कातडी पातळ होते. चेहऱ्यावर, विशेषतः पापण्यांवर अशी क्रीम कधीही लावू नका.

ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही. जेल बंद केले की त्रास थांबतो, पण पुन्हा लावले की पुन्हा होतो. आणि प्रश्न फक्त नखांचा राहत नाही, कारण अ‍ॅक्रिलेट वैद्यकातही सर्वत्र आहेत. दातांमध्ये भरायचे पांढरे सिमेंट, गुडघा बदलताना हाड पक्के करायचे सिमेंट, मधुमेहींच्या दंडावर लावायच्या ग्लुकोज सेन्सरचा गोंद, काही चिकटपट्ट्या आणि कृत्रिम पापण्यांचा गोंद. हे सगळे तुम्हाला वर्ज्य झाले असा याचा अर्थ मुळीच नाही. दात भरताना पदार्थ तिथल्या तिथे प्रकाशाने घट्ट करतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण दंतवैद्याला, अस्थिरोगतज्ज्ञाला आधी सांगणे आवश्यक आहे, म्हणजे ते काळजी घेतील किंवा पर्याय निवडतील. विशी-पंचविशीतल्या मुलीला गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट लांबची वाटते हे मला कळते. दातांची तेवढी लांबची नसते.

हे धोके लक्षात घेऊन युरोपीय महासंघाने २०२० मध्ये हेमा असलेली नखांची उत्पादने फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांनी वापरावीत असा नियम केला. तशी सूचना आणि अ‍ॅलर्जीचा इशारा बाटलीवर छापावा लागतो. जेल क्युअर करणारे टीपीओ नावाचे आणखी एक रसायन तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद झाले, कारण प्राण्यांवरील अभ्यासांत त्याचा प्रजननक्षमतेवर दुष्परिणाम दिसला होता. माणसांत जेल पॉलिशमुळे तसे झाल्याचे सिद्ध झालेले नाही, ती खबरदारी आहे. आधी लावलेले असेल तर घाबरून जाऊ नका.

‘हेमा-फ्री’ लिहिलेले घेतले तर?

थोडा फायदा, पूर्ण सुरक्षितता नाही. हेमा नाही म्हणजे अ‍ॅक्रिलेट नाहीत असे नव्हे. त्याच्या जागी हायड्रॉक्सिप्रोपिल मेथाक्रिलेट किंवा हेमाचेच मोठे भावंड असलेले रेणू असतात, आणि हेमाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्यांचाही त्रास होऊ शकतो. अजून अ‍ॅलर्जी झालेली नसेल तर हेमा-फ्री घ्यायला हरकत नाही, पण जेल कातडीला लागू न देण्याचा नियम तोच. अ‍ॅलर्जी झालेली असेल तर साध्या नेलपॉलिशकडे किंवा मेंदीकडे परत जा. मेंदी म्हणजे पानांची. काळ्या मेंदीत केसांच्या रंगातले पीपीडी असू शकते आणि ती आगीतून फुफाट्यात नेईल.

जेल कातडीला लागू नये म्हणून लावतानाच मुळाशी आणि बाजूंना केसाइतकी जागा सोडा. सांडले तर लॅम्पखाली धरण्याआधीच काडीने काढा. हाताच्या इतर भागाला लागले तर स्पिरिटने चोळू नका, त्याने ते जास्त पसरते. कोरड्या टिश्यूने टिपून साबण-पाण्याने धुवा.

पार्लरमध्ये काम करत असाल तर

हा भाग ज्यांचे पोट या कामावर आहे त्यांच्यासाठी. ग्राहक महिन्यातून एकदा हात पुढे करते, तुम्ही दिवसातून सहा-सात जणींची नखे पुसता. चिकट थराशी सर्वांत जास्त संबंध तुमचा येतो, आणि अ‍ॅलर्जी झाली तर काम सोडायची वेळ येते.

लॅटेक्सचे आणि पातळ व्हायनिलचे मोजे इथे निरुपयोगी आहेत. हे रेणू त्यांतून काही मिनिटांत पार होतात. नायट्राइल त्यातल्या त्यात बरे, पण तेही फार काळ थोपवत नाही. म्हणून प्रत्येक ग्राहकानंतर मोजे बदला, आणि जेल लागलेले दिसले तर लगेच बदला. वापरलेले मोजे धुऊन, वाळवून परत घालणे म्हणजे रसायन आत घेऊन हात बंद करून ठेवणे. पुसलेले वाइप टेबलावर ढीग करून ठेवू नका. झाकणाच्या डब्यात टाका. बाटल्यांची मानेजवळची कड, ब्रशचा दांडा, लॅम्पचे बटण आणि तुमचा मोबाइल, या चार ठिकाणी जेल नकळत लागलेले असते. दिवसातून दोनदा तरी पुसा. कानशीची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क आणि खेळती हवा हवी. एसी लावून दारे-खिडक्या बंद केलेल्या छोट्या खोलीत वास साचतो, दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होतो.

बोटांना भेगा पडू लागल्या तर सहा महिने अंगावर काढू नका. लवकर निदान झाले तर कोणते रसायन टाळायचे हे कळते आणि कामाची पद्धत बदलता येते.

लॅम्पबद्दल थोडेसे

एलईडी असो वा ट्यूबवाला, दोन्ही लॅम्प मुख्यतः यूव्ही-ए प्रकारचे किरण देतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्रातील संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर अशा लॅम्पचा परिणाम तपासला तेव्हा पेशी मेल्याचे आणि डीएनए बिघडल्याचे दिसले. बशीतल्या पेशी आणि जिवंत हाताची त्वचा यांत फरक असतो, त्यामुळे यावरून कर्करोग होतोच असे म्हणता येत नाही. तरी लॅम्प लावण्याआधी २० मिनिटे हातांना सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोके उघडी असलेले मोजे घाला. खर्च फारसा नाही.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. कोडासाठी सोरालेन घेत असाल, मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल किंवा ल्युपस असेल तर या किरणांनी त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. डॉक्सिसायक्लिनमध्ये तर नख खालून सुटू शकते.

घरातली खबरदारी

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन दोन्ही भडकन पेटतात, आणि त्यांची वाफ पटकन पसरते. पेटता गॅस, देवघरातली समई, उदबत्ती, मच्छरांची कॉइल यांच्याजवळ बसून हे करू नका. पुसल्यावर हात पूर्ण कोरडे होऊ द्या, धुवा, मगच गॅस पेटवा. सणाच्या आदल्या रात्री एका हाताने फराळ आणि दुसऱ्या हाताने नखे असे चाललेले असते, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा.

बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. मुलाने यातले काही प्यायले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे डोळा धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशन ठरले असेल तर जेल आधी काढून या. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजते, गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. नखांचा निळेपणा पाहणेही भुलीच्या डॉक्टरांना गरजेचे असते. अचानक दाखल व्हावे लागले आणि वेळ नसेल तर निदान नर्सला सांगा.

डॉक्टरांना कधी दाखवावे

नखाभोवती खाज आणि लाली एका आठवड्यात गेली नाही, प्रत्येक वेळी नखे केल्यावर दोन-तीन दिवसांनी त्रास परत येतो, नख सुटू लागले आहे, किंवा पापण्या विनाकारण सुजतात, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नखाच्या कडेला पू, ठणका, लाली वर चढणे किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा. मधुमेह असेल तर त्याहूनही लवकर. हे अ‍ॅलर्जीपेक्षा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि त्याचे औषध वेगळे.

अ‍ॅलर्जीची खात्री पॅच टेस्टने होते. संशयित रसायनांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नसते, मग पट्ट्या काढून त्या दिवशी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. बाजारात ‘संपूर्ण अ‍ॅलर्जी प्रोफाइल’ नावाने होणाऱ्या महागड्या रक्ततपासण्या यासाठी करून घेऊ नका. त्या दुसऱ्या प्रकारच्या अ‍ॅलर्जी शोधतात, ही त्यांत सापडत नाही.

तपासणीला येताना जेल काढून या, पण बेस कोट, रंग, टॉप कोट आणि क्लीन्सर या सगळ्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलवर आणा. बारीक अक्षरे वाचता येतील इतके जवळून घ्या. पार्लरमध्ये नखे केली असतील तर तिथे फोन करून कोणते जेल वापरले ते विचारून ठेवा. लावलेल्या क्रीमची ट्यूबही आणा, अर्धी संपलेली असली तरी.